मे महिन्यात कराडला न वाकलेली मेणबत्ती

मेणबत्तीची खरी परीक्षा स्टॉकहोममध्ये होत नाही. डिसेंबरात बाल्कनीत ठेवलेलं लोणी जिथे विटेसारखं होतं, तिथे मेणबत्ती कशाला वाकेल? म्हणून ती परीक्षा मी गेल्या मे महिन्यात कराडला घेतली. लिल्येहोल्मेन्स या स्वीडिश कंपनीच्या पांढऱ्या मेणबत्त्यांचं एक खोकं साड्यांमध्ये गुंडाळून बॅगेतून नेलं होतं. माहेरी गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे. अण्णांचा छापखाना बंद झाला तेव्हा जे विकलं गेलं नाही ते सगळं तिथे येऊन पडलंय. छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या केसेस, अक्षरं जुळवायच्या दोन गॅली, शाई घोटायचा दगड आणि पिवळ्या पडलेल्या अंकांचे गठ्ठे. मोबाइल ३९ अंश दाखवत होता. पत्र्याखाली किती असेल ते तुम्हीच समजा. तिथल्या खिडकीच्या कट्ट्यावर सरबताच्या दोन रिकाम्या बाटल्या ठेवल्या, एकीच्या तोंडात माझी स्वीडनची मेणबत्ती खोचली आणि दुसरीच्या तोंडात गल्लीतल्या दुकानातून आणलेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातली मेणबत्ती कमरेत वाकून रस्त्याकडे बघत होती. शेजारची ताठ. आई कपडे वाळत घालायला वर आली, दोघींकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या स्वीडनची मान काही खाली जात नाही गं."

तर हे त्या मेणबत्तीचं परीक्षण. मध्ये एका माणसाची गोष्ट येणार आहे आणि ती लांबणार आहे, हे आधीच सांगते. ज्यांना फक्त घ्यावी की नको एवढंच हवंय त्यांनी 'आता घ्यावी की नको' असं सुरू होणाऱ्या परिच्छेदाकडे जावं.

स्टॉकहोमला येऊन मला अकरा वर्षं झाली. त्यातली सात वर्षं मी रोज लिल्येहोल्मेन स्टेशनवर भुयारी गाडीतून उतरून ट्राम पकडतेय. माझ्या दृष्टीने ते गर्दीचं, वाऱ्याचं आणि ट्राम समोरून निघून जाण्याचं ठिकाण. मेणबत्तीच्या खोक्यावर तेच नाव दिसलं तेव्हा वाटलं, असेल इथलीच एखादी नवी कंपनी. स्वीडिशच्या वर्गातल्या आमच्या बाईंनी एकदा सांगितलं की कंपनी १८३९ सालची आहे आणि ती काढणाऱ्या दोघांपैकी एक जण आफ्टोनब्लाडेट या वर्तमानपत्राचा संस्थापक. मला आधी वाटलं माझंच स्वीडिश कच्चं, काहीतरी चुकीचं ऐकलं. वर्तमानपत्रवाला मेणबत्त्या कशाला करेल?

त्याचं नाव लार्श यूहान येर्ता. लिहिताना सुरुवातीला 'ह' असतो, पण स्वीडिश लोक तो गिळतात. आणि 'येर्ता' असं नुसतं कानावर पडलं तर त्यांच्या भाषेत हृदय. आडनाव हृदय असलेला माणूस राजाच्या छातीवर वर्षानुवर्षं बसला, असं आमच्या बाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या.

आधी मेणबत्ती. स्वीडिशमध्ये मेणबत्तीला सर्रास 'स्टेआरीनयूस' म्हणतात, म्हणजे स्टिअरिनचा दिवा. ती पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलातून काढलेल्या मेणाची असली तरी हेच. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे तसं. त्यामुळे इथे नव्या आलेल्या माणसाची हमखास फसगत होते. माझीही झाली. पहिल्या हिवाळ्यात एका स्वस्त दुकानातून (नाव सांगत नाही, आता मी त्यांच्याकडे फक्त चमचे घेते) पन्नास मेणबत्त्यांचं पुडकं आणलं. मार्चपर्यंत जेवणाच्या टेबलावरच्या छताला करडा गोल उमटला होता. घरमालकीणबाईंनी तो बोटाने पुसून बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी घरात चूल पेटवतेय. तेव्हापासून खोक्यावर '१०० टक्के स्टिअरिन' असं छापलेलं असल्याशिवाय मी घेत नाही.

माझ्याकडच्या मेणबत्त्या २४ सेंटिमीटर उंचीच्या, इथल्या बहुतेक मेणबत्तीदानांत बसणाऱ्या. मी एक मेणबत्ती पाच संध्याकाळी मिळून जाळली आणि वेळ लिहून ठेवला: सात तासांना थोडा कमी. मेण ओघळलं नाही, वाटीसारखं वरच्या वर साचतं आणि तिथेच जळतं. वास नाही. विझवल्यावर धूर येतो तेवढाच, देवापुढचं निरांजन शांत केल्यावर येतो तसा. वात कापावी लागत नाही, ती आपोआप वाकून ज्योतीच्या कडेला येते आणि तिथेच जळून संपते. समईची काजळी झाडण्यात लहानपण गेलेल्या मला याचं कौतुक जास्तच. खिडकीजवळ ठेवली तेव्हा मात्र एका बाजूने ओघळली, पण त्यात तिचा दोष नाही. माझ्या खिडकीच्या फटीतून वारा येतो.

स्टिअरिनची एक खोड सांगायला हवी. ते ठिसूळ असतं. पॅराफिनची मेणबत्ती पडली तर पोचा येतो, ही पडली की सरळ दोन तुकडे, आतल्या वातीवर लोंबकळणारे. मेणबत्तीदान अरुंद असेल तर जोर लावून खोचू नका, बूड तडकतं. ज्योतीवर जरा ऊब देऊन बसवा.

हे स्टिअरिन मुळात काय असतं ते कळल्यावर मला येर्ताचं डोकं कळायला लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या गरिबाघरी चरबीच्या मेणबत्त्या असत. गुरामेंढरांची चरबी वितळवून वातीभोवती थापलेली. धूर, घाण वास, उन्हाळ्यात मऊ, आणि दर थोड्या वेळाने कात्री घेऊन वात छाटायला उठायचं. मधमाशांच्या मेणाच्या मेणबत्त्या चांगल्या, पण त्या चर्चला आणि सरदार-दरकदारांना परवडायच्या. मधल्या माणसाला चांगला उजेड नव्हताच. फ्रान्समध्ये शेव्ह्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने चरबी आतून कशी बनलेली आहे ते उलगडलं आणि १८२५ मध्ये गे-ल्युसाकबरोबर त्याचं पेटंट घेतलं. कृती सांगायला सोपी आहे. चरबीत चुना घालून उकळायचं, म्हणजे चुन्याचा साबण होतो. त्यावर गंधकाम्ल घालून चुना वेगळा काढायचा. उरलेल्या ऐवजाच्या वड्या पाडून दाबयंत्रात पिळायच्या, म्हणजे पातळ तेलकट भाग निथळून जातो. मागे राहतं ते पांढरं, कडक, बिनवासाचं स्टिअरिन. वातही बदलली. पिळाच्या वातीऐवजी वेणीसारखी विणलेली आली, ती जळताना वाकते. कात्रीची गरज संपली.

येर्ताने यूहान मिकाएल्सन नावाच्या भागीदाराबरोबर स्वीडनमध्ये हेच सुरू केलं. माझा नवरा म्हणतो, यात नवल काय, संध्याकाळचा पेपर विकणाऱ्याने तो वाचायला उजेडही विकला. आफ्टोनब्लाडेट म्हणजे शब्दशः 'संध्याकाळचं पान'. नवऱ्याचं म्हणणं मी पुराव्यासकट मांडू शकत नाही, पण धंद्याची नजर असलेल्या माणसाला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही.

आता तो माणूस. जन्म २२ जानेवारी १८०१, उप्साला. घराणं सरदारांपैकी. त्या वेळी स्वीडनची संसद चार वर्गांची होती: सरदार, पाद्री, नगरजन आणि शेतकरी. चौघांची चार वेगळी सभागृहं. सरदार घराण्यातला म्हणून येर्ताला सरदारांच्या सभेत, रिद्दारहूसमध्ये, बसायचा हक्क जन्मानेच मिळालेला. तिथे बसून तो काय बोलायचा तर ही चार वर्गांची व्यवस्था मोडा, व्यापारउदीम मोकळा करा, कारागिरांच्या संघांची मक्तेदारी काढा, बहिणीला भावाइतका वारसा द्या. ज्या फांदीवर बसायचं तीच तोडणारा म्हणून त्याच्यावर त्याच्याच लोकांचा राग.

राजा होता चौदावा कार्ल यूहान. हा मूळचा नेपोलियनचा सेनापती बेर्नादोत. स्वीडनच्या गादीला वारस नव्हता म्हणून फ्रान्सहून बोलावून आणलेला. स्वीडिश त्याला शेवटपर्यंत आली नाही. दुपारपर्यंत पलंगावर बसून, मर्जीतल्या माणसांकरवी कारभार चालवायचा. लोक त्याला शेजघरातलं राज्य म्हणत. त्याच्या प्रजेत छापील टीका चालायची, कारण स्वीडनमध्ये मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा १७६६ सालापासूनचा, जगातला पहिला. पण १८१२ मध्ये त्याला एक पाचर मारून ठेवली होती. एखादं नियतकालिक राज्याला धोकादायक वाटलं तर दरबारचा अधिकारी खटला न चालवता, कोर्टाचं तोंड न बघता ते बंद करू शकत असे.

आफ्टोनब्लाडेटचा पहिला अंक निघाला ६ डिसेंबर १८३० रोजी. पॅरिसमध्ये त्याच वर्षी जुलैत क्रांती होऊन गेली होती आणि वारा तसाच होता. (बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं ६ जानेवारी १८३२ ला, म्हणजे बरोबर तेरा महिन्यांनी. मुंबई आणि स्टॉकहोमला एकमेकांची गंधवार्ता नव्हती. तरी तारखा शेजारी ठेवल्यावर मला उगाच बरं वाटलं.) येर्ताने बातम्या सोप्या भाषेत दिल्या, संसदेत कोण काय बोललं ते छापलं, जाहिराती घेतल्या आणि राजाच्या माणसांना चिमटे काढले. पेपर बघता बघता देशातला सगळ्यात मोठा झाला. मग १८३५ मध्ये दरबाराने परवाना काढून घेतला.

बंदी होती ती नावावर. माणसावर नव्हती. दुसऱ्या नावाने दुसऱ्या माणसाने परवाना मागितला तर कायद्याने तो द्यावा लागत होता. येर्ताने नावाचा विचार करण्यात अजिबात वेळ घालवला नाही. १६ फेब्रुवारी १८३५ ला पेपर पुन्हा निघाला. मथळा 'दुसरं आफ्टोनब्लाडेट'. जबाबदार संपादक म्हणून नाव भलत्याचंच, पैसा आणि लेखणी त्याचीच. तेही बंद झालं, मग तिसरं. मग चौथं. होता होता नाव पंचवीसएक वेळा बदललं. रोज सकाळी दरबारात कोणीतरी त्या फ्रेंच राजाला भाषांतर करून सांगत असेल की महाराज, आपण ते बंद केलंत, आता अकरावं निघालंय. हे चित्र डोळ्यांसमोर आणून मी ट्राममध्ये एकटीच हसलेली आहे.

त्या काळच्या स्टॉकहोममध्ये अशा गोष्टी आणखीही आहेत. आंदेश लिंडेबर्य नावाचा एक संपादक होता. राजावर टीका केली म्हणून १८३४ मध्ये त्याला राजद्रोहाखाली शिरच्छेदाची शिक्षा झाली. राजाने ती कमी करून तीन वर्षं कैद केली. हा पठ्ठ्या म्हणाला, दया नको, डोकंच उडवा, माझा कायदेशीर हक्क आहे. राजाची पंचाईत. शेवटी राजाच्या स्वीडनमधल्या आगमनाचा वाढदिवस काढून सगळ्या राजकीय कैद्यांना माफी जाहीर केली. तरी हा कोठडी सोडेना. मग तो अंगणात फेऱ्या मारायला गेला असताना कोठडीला बाहेरून कुलूप लावलं आणि आत घेतलंच नाही. येर्ताचं सुदैव म्हणजे तो हुतात्मा होण्याच्या भानगडीत पडला नाही. त्याला पेपर चालवायचा होता.

आणि पैसा मिळवायचा होता. हे लपवण्यात अर्थ नाही. परदेशी कादंबऱ्यांची भाषांतरं तो स्वस्त मालिकेत, हप्त्याहप्त्याने छापायचा. मूळ लेखकाला पैसे द्यायचा प्रश्नच तेव्हा नव्हता. मेणबत्त्यांच्या कारखान्यातून आणखी मिळवला. विरोधक म्हणायचे, हा उदारमतवाद म्हणजे दुकानदाराचा उदारमतवाद. त्यात तथ्य आहेच. ज्या सुधारणांसाठी तो झगडला त्या झाल्या तेव्हा, १८६६ मध्ये चार वर्गांची संसद जाऊन दोन सभागृहांची आली तेव्हा, मताचा हक्क उत्पन्न आणि मालमत्ता बघूनच मिळाला. त्याच्या कारखान्यात चरबी उकळणाऱ्याला तो मिळालेला नाही. येर्ता स्वतः वरिष्ठ सभागृहात जाऊन बसला आणि १८७२ मध्ये मरेपर्यंत तिथे होता. बायकांना देशाच्या निवडणुकीत मत द्यायला १९२१ उजाडावं लागलं, त्या कायद्याच्या वेळी पंतप्रधान पुन्हा एक उदारमतवादीच, नील्स एदेन.

पण त्याच्या घरातल्या बायकांकडे बघून मी त्याला थोडे गुण वाढवून देते. बायको विल्हेल्मिना. तिच्या पैशातून नवऱ्याच्या नावाचा निधी उभा राहिला आणि तो आजही संशोधनाला मदत देतो. मुलगी आन्ना येर्ता-रेत्सियस. बाप गेल्यावर वर्षभरात, १८७३ मध्ये, विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क मिळावा म्हणून निघालेल्या संस्थेच्या संस्थापकांत ती होती. पुढे १८८७ मध्ये तिने गरिबांच्या मुलांसाठी कामघरं काढली. शाळा सुटल्यावर मुलांनी तिथे यायचं, हाताचं काम शिकायचं आणि जेवून घरी जायचं. मेणबत्त्यांचा पैसा इथपर्यंत आला म्हणायचा.

कारखान्याचं पुढचं थोडक्यात: लिल्येहोल्मेनहून दानविकनला गेला, १९७० साली स्टॉकहोम सोडून ओस्कर्शहाम्नला. नाव तेवढं स्टेशनसारखं मागे राहिलं. जुन्या शहरात, रिद्दारहूसपासून जवळच, येर्ताचा पुतळा आहे. मी मुद्दाम बघायला गेले. खांद्यावर कबुतर होतं.

आता चरबीचा प्रश्न, कारण मराठी घरात तो येणारच. आमच्याकडे आईनेच काढला. मी मोठ्या कौतुकाने चुना, साबण, दाबयंत्र असं सगळं सांगत होते आणि तिचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे ह्यात चरबी असती? कसली?" आमच्याकडे रविवारी मटण होतं, सोमवार-गुरुवार पाळतात. पण देवाजवळ जळणारी वस्तू ही वेगळी गोष्ट. काडतुसांच्या चरबीवरून १८५७ साली काय झालं ते शाळेत शिकलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. येर्ताच्या काळात स्टिअरिन गुरामेंढरांच्या चरबीचंच होतं. आज ते पाम तेलातूनही काढतात आणि चरबीतूनही. नुसतं '१०० टक्के स्टिअरिन' वाचून यातलं कुठलं ते कळत नाही. तुम्हाला पाळायचं असेल तर खोक्यावर 'वेगेताबिलिस्क', म्हणजे वनस्पतीजन्य, असा शब्द छापलेला शोधा. दिसला नाही तर दुकानात चरबीचीच आहे असं धरून चाला. आईने स्वतःपुरता निकाल लगेच लावला. देवघरात तुपाचं निरांजन, तिथे दुसरं काही नाही. खिडकीत आणि जेवणाच्या टेबलावर "तुझी ती येर्ताबाईची". बाई नाही, बुवा, असं दोनदा सांगितलं. उपयोग झाला नाही.

मी स्टॉकहोमच्या घरी आता हेच करते. दिवाळीत दाराशी तेलाच्या पणत्या, खिडकीत या मेणबत्त्या. दिवाळीच्याच आगेमागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे सर्व संतांचा दिवस येतो. स्कूगशिर्कोगोर्देनच्या दफनभूमीत झाडांखाली प्रत्येक थडग्यावर दिवा लागतो. आई आली होती त्या वर्षी तिला तिकडे नेलं. खूप वेळ गप्प उभी राहिली आणि मग म्हणाली, "पितरांचं आणि दिवाळीचं ह्यांनी एकत्रच उरकलंय." महिन्याभराने आगमनाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार सुरू होतात. दर रविवारी एक जास्तीची मेणबत्ती, चौथ्या रविवारी चारही. तेव्हा सूर्य पावणेतीनच्या सुमारास मावळतो. मेणबत्तीशिवाय इथली माणसं डिसेंबर कसा काढतील याची मला कल्पना करवत नाही. तेव्हा चांगली मेणबत्ती ही इथे चैन नाही, डाळ-तांदळाच्या यादीत येते.

आता घ्यावी की नको. पॅराफिनच्या पुडक्यापेक्षा महाग पडते, पण जास्त वेळ जळते आणि छत काळं करत नाही, त्यामुळे हिशेब जवळजवळ सारखाच. पाहुणे येणार असतील, जेवणाचं टेबल असेल, तर हीच. बाहेर वाऱ्यात ठेवायला घेऊ नका, पैसे उडतील. भारतात न्यायची असेल तर बिनधास्त न्या, उकाड्याने काही होत नाही. फक्त बॅगेत मधोमध ठेवा, कडेला ठेवलीत तर मोडतील (माझ्या बारापैकी दोन मोडल्या, विमानतळावर बॅग आपटणाऱ्याला कोण विचारणार). पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला तो ठिसूळपणासाठी आणि अर्धवट छापलेल्या माहितीसाठी, जी या मालाच्या बहुतेक खोक्यांवर तशीच असते.

आता अण्णांचं. त्यांना येर्ताची गोष्ट मी वीज गेलेल्या एका रात्री सांगितली. वळवाचा पाऊस आला, कुठेतरी फांदी तारेवर पडली आणि सगळी गल्ली काळोखात. पत्र्याच्या खोलीतली बाटली मेणबत्तीसकट खाली आणली. अण्णा आता अठ्ठ्याहत्तरचे. आणीबाणीच्या वेळी ते चार पानी साप्ताहिक काढत. बाजारभाव, साखर कारखान्याचं राजकारण, गावच्या पाण्याची ओरड, बस. जून १९७५ नंतर प्रुफं आधी दाखवायची सक्ती आली. प्रुफं तपासणाऱ्या साहेबांनी अग्रलेख लाल शाईने कापला. अण्णांनी ती जागा कोरीच छापली. दुसऱ्या महिन्यात साप्ताहिक बंद. मग धाकट्या काकांच्या नावाने दुसऱ्या नावाचं डिक्लरेशन, म्हणजे साप्ताहिकाची सरकारी नोंद काढली, जुळारी तोच, खिळे तेच. पाच अंक निघाले. पुढे कागद मिळेना, जाहिराती देणारे दुकानदार रस्ता बदलून जायला लागले. मग संपलं. याबद्दल ते घरात कधी फारसं बोललेले नाहीत.

मी दुसरं, तिसरं, चौथं सांगत गेले. ते मेणबत्तीकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "पंचवीस नावं?"

"पंचवीसएक."

"आणि आकडेच टाकले नुसते?"

"हो."

"मी आठ दिवस नाव शोधत बसलो होतो," अण्णा म्हणाले. "तुझी आई सुचवायची, काका सुचवायचा. चांगलं नाव पाहिजे, अर्थ पाहिजे, गावाला आवडलं पाहिजे. आकडा टाकावा हे एकाच्या डोक्यात आलं नाही." आणि खोकला लागेपर्यंत हसले.

नंतर भिंग आणि जुन्या अंकांचा गठ्ठा मागवला. तो कोरा अग्रलेख असलेला अंक शोधायला तासभर गेला. वीज काही आली नाही. मेणबत्ती बाटलीच्या तोंडाशी आली तशी अण्णांनी खोक्यातून पुढची काढली, तिचं बूड ज्योतीवर धरून मऊ केलं, जागेवर नीट बसवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हं. दुसरं आफ्टोनब्लाडेट."